जुन्या गाडीची सीट आणि आपली कंबर

मोटार जुनी झाली की आपण इंजिन पाहतो, ब्रेक पाहतो, टायर पाहतो. जिच्यावर तासन्‌तास बसायचे ती सीट मात्र फाटेपर्यंत कोणी पाहत नाही. फाटली की वर नवे रेक्झिन चढते आणि आतला चुरा झालेला फोम तसाच राहतो. मग कंबर दुखू लागते आणि माणूस दवाखान्यात येऊन म्हणतो, "डॉक्टर, आता वयच झालं." वय झालेले असतेच, पण पुष्कळदा ते कमरेइतकेच सीटचेही झालेले असते.

माझा दवाखाना मुलुंडला आहे. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत गाडी हाकणारे रिक्षावाले, टेंपोवाले, दुकानदार, नोकरदार असे सर्व प्रकारचे रुग्ण येतात. कंबरदुखीच्या रुग्णाला मी नेहमी एक प्रश्न विचारतो, "बसता कशावर?" या प्रश्नाच्या उत्तरातून निदानाला बरीच मदत होते.

आज आपण जुन्या गाडीच्या सीटचा विचार करू, आणि त्यातही जुन्या स्पोर्ट्स कारच्या सीटचा. वाचक म्हणतील, आमच्या गावात स्पोर्ट्स कार आहेत तरी किती? प्रश्न रास्त आहे. पण जमिनीला टेकल्यासारखी बसकी सीट, पुढे लांब ताणलेले पाय आणि डोक्यावर जेमतेम चार बोटे जागा, अशा गाडीत कमरेची जी परीक्षा होते ती दुसऱ्या कोणत्या गाडीत होत नाही. तिथे जे उपयोगी पडते ते जीप, व्हॅन किंवा घरच्या जुन्या गाडीतही उपयोगी पडते.

बसल्यावर कमरेत काय होते?

आपल्या कमरेत पाच मणके आहेत. दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची चकती असते. उभे असताना कमरेला आतल्या बाजूस एक नैसर्गिक बाक असतो. आपण बसलो की कटीचे हाड मागे कलते आणि हा बाक सपाट होतो. पाठीला आधार नसेल तर तो उलटा, म्हणजे बाहेरच्या बाजूस वळतो. मग चकतीच्या मागच्या भागावर आणि तेथील अस्थिबंधांवर ताण येतो. त्यालाच आपण 'कंबर धरली' म्हणतो.

स्वीडनमधील डॉ. आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. आधाराशिवाय बसल्यावर हा दाब उभे राहण्यापेक्षा जास्त असतो आणि पुढे वाकून बसल्यावर आणखी वाढतो, असे त्यांना आढळले. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीतला दाब चोवीस तास मोजला. त्यात सैल बसण्याचा दाब उभे राहण्यापेक्षा फारसा वेगळा नव्हता. म्हणजे केवळ 'बसणे वाईट' असे म्हणून चालणार नाही. कसे बसतो आणि किती वेळ एकाच अवस्थेत राहतो, याला महत्त्व आहे.

याचे कारण चकतीच्या रचनेत आहे. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण आजूबाजूच्या हाडातून झिरपणाऱ्या द्रवावर चालते. हालचालीने दाब कमी-जास्त होत राहणे तिला मानवते. तीन तास एकाच ठिकाणी खिळून बसणे तिला मानवत नाही.

बसकी गाडी, ताणलेले पाय

खुर्चीवर बसल्यावर गुडघे काटकोनात वाकलेले असतात. बसक्या गाडीत ते जवळजवळ सरळ होतात. मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जोडलेले असतात. पाय पुढे ताणला की हे स्नायू कटीच्या हाडाला मागे खेचतात आणि कमरेचा बाक आणखी सपाट होतो. घरी करून पाहा. जमिनीवर पाय सरळ पसरून ताठ बसण्याचा प्रयत्न करा. बहुतेकांची पाठ आपोआप कुबडी होईल. स्पोर्ट्स कारमधला चालक प्रवासभर थोड्याफार फरकाने असाच बसलेला असतो.

त्यात सीट जुनी असेल तर आणखी भर पडते. फोम सगळीकडे सारखा दबत नाही. जिथे बैठकीची दोन हाडे टेकतात तो मागचा भाग आधी बसतो आणि पुढची कड उंच राहते. सीटमध्ये असा खड्डा पडला की गुडघे वर, ढुंगण खाली आणि कंबर कुबडी अशी स्थिती होते.

तिसरी गोष्ट हादऱ्यांची. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या कंपनांना सर्वांत जास्त साथ देते. खराब रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीची कंपने नेमकी याच्या आसपास असतात. चांगली सीट त्यातला काही भाग शोषते. दमलेला फोम मात्र एका मर्यादेपर्यंत दबतो आणि खड्डा आला की शरीर तळाच्या पत्र्यावर आपटते. पावसाळ्यात पश्चिम द्रुतगती महामार्गावर अंधेरी ते बोरिवली गाडी नेणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

मऊ सीट म्हणजे चांगली सीट नव्हे

आपल्याकडे पक्की समजूत आहे की बसायला टोचते म्हणून मऊ गादी घालावी. दुकानात हाताने दाबून पाहिलेली मऊ गादी दहा मिनिटे सुखाची वाटते. त्यानंतर शरीर तिच्यात रुतते आणि हाडे तळाला टेकतात. मांड्या बाजूंनी दाबल्या जातात, आणि अंग हलवता न आल्याने स्नायू आखडतात. उलट फळीसारखी कडक सीट सगळे वजन दोन हाडांवरच ठेवते. चांगली सीट या दोहोंच्या मधली असते. ती वजन मांड्यांपर्यंत वाटून देते, कमरेचा बाक राखते आणि खड्ड्यातही तळाला टेकू देत नाही.

फोम विकत घेताना 'बत्तीस डेन्सिटी', 'चाळीस डेन्सिटी' असे शब्द ऐकू येतात. एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, याचा तो आकडा आहे. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. कडकपणा वेगळा मोजतात. डेन्सिटी चांगली असली की फोम सहसा अधिक दिवस टिकतो आणि लवकर बसत नाही. म्हणून दुकानदाराला दोन्ही गोष्टी विचाराव्यात.

'मेमरी फोम'चा आज फार बोलबाला आहे. १९६६ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी विमानाच्या आसनांकरिता तो तयार झाला. शरीराच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि आकार घेतो. मात्र मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो आधीच मऊ पडलेला असतो, आणि त्यात घामही फार येतो. वरचा पातळ थर म्हणून तो ठीक आहे. पण सगळी सीट त्याची करू नये.

एका रुग्णाची सीट

पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्याकडे 'सॅन स्टॉर्म' होती. ही दोन माणसांची, फायबरग्लासच्या बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार १९९८ च्या सुमारास गोव्यात तयार होऊ लागली होती. तिला रेनोचे इंजिन होते. फार थोड्या गाड्या निघाल्या आणि पुढे ती बंद पडली. या गृहस्थांनी ती जुनीच विकत घेतली होती. आठवडाभर ती इमारतीखाली झाकलेली असे. रविवारी पहाटे ऐरोली पुलावरून निघायचे, लोणावळ्याला चहा घ्यायचा आणि परतायचे, हा त्यांचा एकमेव षोक.

पण परतल्यावर त्यांच्या कमरेत कळ येऊ लागली आणि उजव्या ढुंगणापासून मांडीपर्यंत मुंग्या येऊ लागल्या. त्यांनी सीटवर दोन इंचांची मऊ गादी टाकली. दुखणे वाढले. मग तीवर उशी ठेवली. आता डोके छताला आणि गुडघे स्टिअरिंगला लागू लागले. घरची मंडळी म्हणाली, गाडी विकून टाका. ते माझ्याकडे आले ते खरे म्हणजे हेच विचारायला.

मी त्यांना तपासले. पायातली ताकद, संवेदना आणि गुडघ्याच्या व घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया व्यवस्थित होत्या. पाय सरळ उचलून पाहिला तेव्हा मांडीमागचे स्नायू फार आखडलेले आढळले, पण नस दबल्याची खूण नव्हती. पँटच्या उजव्या मागच्या खिशात दोन बोटे जाडीचे पाकीट होते. ते मी प्रथम काढायला लावले. जाड पाकिटावर बसल्याने कटी तिरकी होते आणि ढुंगणातली मोठी नस दाबली जाऊ शकते.

नंतर खाली जाऊन गाडी पाहिली. ते सीटवर बसले असता त्यांच्या बैठकीच्या हाडाखाली तळहात सरकवायला सांगितले. बोटे हाड आणि तळ यांच्यामध्ये चिमटली. फोम पुरता बसला होता. कमरेखालचे अंग अपंग झालेल्या, चाकाच्या खुर्चीत दिवस काढणाऱ्या रुग्णांच्या गाद्या अशाच तपासतात. हाडाखाली सुमारे एक इंच तरी न दबलेली गादी राहिली पाहिजे. ही चाचणी कोणालाही घरच्या गाडीत करता येते आणि तिला पैसा लागत नाही.

गाडी विकायची गरज नव्हती. मात्र गादीवर गादी घालणे थांबवायला हवे होते. बसक्या गाडीत वर थर चढवायला जागाच नसते. जे बिघडले आहे ते आतून बदलावे लागते.

सीट सुधारावी कशी?

१. आधी टॉवेलने प्रयोग करावा. अंघोळीच्या टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून कमरपट्ट्याच्या उंचीवर, पाठीमागे ठेवावी. गुंडाळी बरगड्यांवर किंवा ढुंगणामागे नको. सीटमध्ये मागे खड्डा असेल तर तेथे चादरीची घडी घालून तो पुढच्या भागाशी जुळवावा. गाडी उभी असताना जाडी ठरवावी आणि मग जवळच्या रस्त्यावर सावकाश चालवून पाहावे. घडी सरकणारी नसावी. दोन आठवड्यांत कोणत्या जाडीने बरे वाटते ते कळते. मगच पैसे खर्च करावेत.

२. सीट उघडल्यावर तळ प्रथम पाहावा. जुन्या सीटखाली स्प्रिंगा किंवा रबराचे पट्टे असतात. ते सैल वा तुटलेले असतील तर उत्तम फोमही महिन्याभरात खचतो. स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये गोणपाट किंवा जाड कापड हवे, नाहीतर स्प्रिंग फोम कापते.

३. फोम दोन थरांत घालावा. खाली घट्ट आणि टिकाऊ, वर पातळ आणि थोडा मऊ. एकूण उंची सीट नवी असताना होती तितकीच ठेवावी.

४. पुढची कड गोल आणि मऊ असावी. बसल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यांच्यात दोन-तीन बोटे अंतर राहिले पाहिजे. नाहीतर रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन पाय बधिर होतात.

५. बसून मापे घ्यावीत. शिवण घालण्यापूर्वी सीट गाडीत ठेवून किमान वीस मिनिटे बसावे. बहुतेक लोक इथे कंटाळा करतात. पाच मिनिटांत कोणतीही सीट चांगलीच वाटते.

आमच्या रुग्णाने कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडजवळच्या एका जुन्या कारागिराकडून सीट अशी करून घेतली. कुर्ल्याला ही विद्या मुरलेली आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथलाच, आणि मुंबईची टॅक्सी झालेली पद्मिनी तिथेच बनत असे. पद्मिनीच्या पुढच्या लांबलचक सीटचे फोम बदलण्यात तिथल्या कित्येक कारागिरांची हयात गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण कारागिरांचे हात अजून आहेत.

सहा आठवड्यांनी रुग्णाच्या मुंग्या थांबल्या होत्या. कंबर अधूनमधून दुखे, पण लोणावळ्याहून परतल्यावर आडवे पडावे लागत नव्हते. हे एकट्या सीटचे श्रेय नव्हे. पाकीट खिशातून निघाले होते, व्यायाम सुरू होता आणि वाटेत दोनदा थांबणे ठरले होते.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष नको

सीटवर सुटी उशी किंवा निसरडी गादी घालण्यात खरा धोका आहे. सीटबेल्टचा खालचा पट्टा कटीच्या हाडावर बसला पाहिजे. फार मऊ गादीवर शरीर अपघाताच्या वेळी खाली रुतून पट्ट्याखालून पुढे सरकते. पट्टा पोटावर चढतो आणि आतडी, यकृत, प्लीहा यांना इजा होऊ शकते. दुसरे असे की दोन इंच उंच बसल्यास डोक्यामागचा आधार मानेशी येतो आणि मागून धडक बसल्यास मान त्यावरून मागे झटकली जाते. म्हणून सीट सुधारल्यावर पट्टा कोठे बसतो, डोक्याचा आधार कोठे येतो आणि आरसे नीट दिसतात का, हे पाहावे. सीट जमिनीला धरणारे बोल्ट मेकॅनिककडूनच आवळून घ्यावेत.

घाम, बुरशी आणि 'जीपचा रोग'

आपल्या दमट हवेत रेक्झिनखाली घाम साचतो. त्यातून जांघेत गजकर्ण, ढुंगणावर पुळ्या आणि माकडहाडाशी केसतोड होते. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ८० हजार अमेरिकन सैनिकांना माकडहाडाजवळील केसांच्या गळवासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले. जीपच्या धक्क्यांनी ते होते असे समजून १९४४ मध्ये डॉ. लुई ब्यूई यांनी त्याला 'जीप डिसीज' म्हटले. कातडीत शिरणारा केस हे मूळ कारण असते, असे आज मानतात. घाम, घर्षण आणि लांब वेळ बसणे त्याला मदत करतात. म्हणून हवा खेळेल असे सुती किंवा जाळीदार आवरण घालावे आणि ते धुण्यासाठी निघणारे असावे.

जुना फोम हाताने चुरला की पिवळी भुकटी पडत असेल, किंवा सीटला कुबट वास येत असेल, तर तो फोम फेकून द्यावा. दम्याच्या रुग्णाने हे काम स्वतः करू नये. इतरांनीही नाकाला मास्क लावावा आणि ते उघड्यावर करावे.

सीटपलीकडचे उपाय

सीट इतकी पुढे घ्यावी की क्लच पूर्ण दाबतानाही गुडघा किंचित वाकलेला राहील आणि ढुंगण सीटच्या मागच्या कोपऱ्यातून सुटणार नाही. पाठ किंचित मागे कललेली असावी. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचले पाहिजे.

दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. दोन्ही हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा हळूच मागे वाकावे. थांबल्याने पायातले रक्तही खेळते राहते. लठ्ठ माणसे, गरोदर स्त्रिया आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांना लांब प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक असतो. त्यांनी हे टाळू नये.

घरी रोज उताणे झोपून एक पाय टॉवेलच्या पट्ट्याने सरळ वर उचलून धरावा. मांडीमागे ताण जाणवेल इतकाच उचलावा, कळ येईल इतका नको. वीस-तीस सेकंद धरून सोडावा. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा करावे. रोज अर्धा तास चालावे. कंबर दुखते म्हणून आठवडाभर अंथरूण धरू नये; त्याने दुखणे लांबते.

ताबडतोब डॉक्टरांकडे केव्हा जावे?

साधी कंबरदुखी बहुतेक वेळा काही आठवड्यांत कमी होते. परंतु लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघ व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. मज्जातंतूंचा जुडगा दबल्याची ती लक्षणे असतात आणि तास महत्त्वाचे असतात. एक पाऊल उचलता न येणे, कमरेसोबत ताप, विनाकारण वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी कर्करोग झालेला असणे, किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, यांत नवी सीट करीत बसू नये. लगेच तपासून घ्यावे.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

लाकडी मण्यांचे आसन वापरावे का? मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ते वर्षानुवर्षे वापरले. त्याने हवा खेळते आणि घाम कमी येतो, पण कमरेला आधार मिळत नाही आणि हादरेही कमी होत नाहीत. घामासाठी वापरावे, कंबरदुखीचे औषध म्हणून नव्हे. घट्ट बांधलेले असावे, म्हणजे सरकणार नाही.

गाडी चालवताना कमरेचा पट्टा बांधावा का? दुखणे तीव्र असताना थोडे दिवस चालेल. सवय मात्र लावू नये. कमरेला आधार देणे हे पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचे काम आहे.

एकदा आपल्या गाडीत बसून हाडाखाली तळहात सरकवून पाहा. बोटे चिमटली, तर कमरेसाठी गोळी मागण्याआधी सीट उघडायला सांगा.